जर्मनीत पत्ता नाही म्हणून खातं नाही, खातं नाही म्हणून घर नाही. मग नवीन गेलेल्यांनी करायचं काय?

सप्टेंबर आला की मुंबई विमानतळावर एक चित्र हमखास दिसतं. दोन मोठ्या बॅगा, एकीत प्रेशर कुकर, दुसरीत मेतकूट आणि निरोपाला आलेलं अर्धं घर. यातली बरीच पोरं आता जर्मनीला निघालेली असतात. तिथं शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांनी चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकलंय. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात भारतीयांचा आकडा ४९ हजारांच्या पुढे होता. कारण सरळ आहे, बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही.

पण तिथं पोचल्यावर पहिली अडचण येते ती बँकेत. गंमत म्हणजे पैसे नसतात म्हणून नाही. पैसे तर यांच्या आधीच जर्मनीत पोचलेले असतात.

झालंय असं, की विद्यार्थी व्हिसासाठी वर्षभराचा खर्च भागवता येईल हे दाखवावं लागतं. त्यासाठी बहुतेक जण 'श्पेरकोंटो' म्हणजे गोठवलेलं खातं भारतातूनच ऑनलाइन उघडतात. सप्टेंबर २०२४ पासून त्यात ११,९०४ युरो ठेवावे लागतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तरी ही रक्कम १२ लाखांच्या घरात जाते. अनेकांच्या घरी ती शैक्षणिक कर्ज काढून उभी केलेली असते. हे पैसे एकदम हातात येत नाहीत. महिन्याला ९९२ युरो सुटतात आणि ते जमा होतात रोजच्या व्यवहाराच्या खात्यात, ज्याला तिकडे 'गिरोकोंटो' म्हणतात. हे दुसरं खातं नसेल तर १२ लाखांचा मालक भारतातून आणलेल्या कार्डावर दिवस काढतो.

मग उघडायचं ना खातं? इथंच चक्र सुरू होतं.

बँक म्हणते, पत्त्याच्या नोंदणीचा कागद आणा. जर्मनीत नवीन घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत महापालिकेत जाऊन 'आनमेल्डुंग' म्हणजे नोंदणी करावी लागते. त्यासाठी 'हा माणूस माझ्याकडे राहतो' असा घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. आता घरमालकाला भाडं आणि डिपॉझिट हवं असतं बँकेतून. वर तो 'शुफा' मागतो, म्हणजे आपल्याकडच्या सिबिलसारखा अहवाल. कालच विमानातून उतरलेल्या माणसाचा शुफा असणार कुठून? काही जण ओळखीच्या खोलीत महिनाभर पथारी टाकतात, तर तिथला मालक सहीच देत नाही. थोडक्यात, पत्त्याशिवाय खातं नाही आणि खात्याशिवाय पत्ता नाही.

हे चक्र तोडणारा कायदा मात्र अस्तित्वात आहे. युरोपीय संघाने २०१४ मध्ये एक निर्देश काढला आणि त्यानुसार जर्मनीत १९ जून २०१६ पासून 'बाझिसकोंटो' म्हणजे मूलभूत खात्याचा हक्क लागू झाला. युरोपीय संघात कायदेशीर राहणारा कुणीही हे खातं मागू शकतो. अगदी बेघर माणूस आणि आश्रय मागणारा निर्वासितसुद्धा. पक्कं घर नसेल तर पत्रव्यवहाराचा पत्ता चालतो. शुफा नाही किंवा खराब आहे, हे नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. अर्ज पूर्ण भरून दिला की बँकेला दहा कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यावा लागतो. नाकारायचं तर लेखी, आणि कारणंही मोजकीच. उदाहरणार्थ, जर्मनीत तुमचं आधीच चालू खातं असणं. नकार पटला नाही तर 'बाफिन' या वित्तीय नियामकाकडे दाद मागता येते.

मेख अशी की हे खातं नाव घेऊन मागावं लागतं. काउंटरवर 'खातं उघडायचंय' एवढंच म्हटलं तर नेहमीची यादी पुढे येते आणि त्यात नोंदणीचा कागद असतोच. बाझिसकोंटोचा अर्ज वेगळा असतो, तोच मागायचा.

म्हणून सगळ्यांनी थेट हेच घ्यावं का? तसं नाही. यात ओव्हरड्राफ्टचा हक्क मिळत नाही आणि फुकट असण्याचीही खात्री नाही. कायदा फक्त म्हणतो, शुल्क वाजवी हवं. डॉइश बँक यासाठी महिन्याला ८.९९ युरो घेत होती, ते २०२० मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने अवाजवी ठरवलं. त्यामुळे वसतिगृह मिळालं असेल, नोंदणी झाली असेल, तर विद्यार्थ्यांसाठीचं स्वस्त किंवा मोफत खातं आधी बघावं.

शाखेची बँक की मोबाइलवरची, हा वाद कायम चालतो. शाखेत अडलं-नडलं तर समोर माणूस असतो, पण भेटीची वेळ घ्यावी लागते. मोबाइलवर काम झटपट होतं, फक्त व्हिडिओ पडताळणीत भारतीय पासपोर्ट चालतो का, हे आधी तपासायला हवं. तिसरा पर्याय पैसे पाठवणाऱ्या ॲपचा. तो बऱ्याचदा बेल्जियम किंवा लिथुआनियाचा खाते क्रमांक देतो. जर्मन क्रमांक 'डीई'ने सुरू होतो, त्यामुळे 'बीई' किंवा 'एलटी' पाहून पगार काढणारा कारकून कपाळाला आठ्या घालतो. खरं तर २०१२ च्या युरोपीय नियमानुसार फक्त परदेशी क्रमांक म्हणून तो नाकारता येत नाही. पण पहिल्या पगारासाठी नियम समजावत बसायची हौस कुणाला असणार? शिवाय बँकेतल्या ठेवीला एक लाख युरोपर्यंत हमी असते. ॲपकडे बँकेचा परवाना नसेल तर ही हमी लागू होत नाही.

खातं उघडलं तरी एक टप्पा उरतो. कार्ड आणि पिन वेगवेगळ्या पाकिटांतून टपालाने येतात आणि जर्मनीत पोस्टमन पत्रपेटीवरचं नाव बघून पत्र टाकतो. पेटीवर जुन्या भाडेकरूचं नाव असेल तर पाकीट आलं तसं परत जातं. म्हणून खोलीची किल्ली हातात पडली की आधी कागदाच्या चिठ्ठीवर आपलं नाव लिहायचं आणि पेटीवर चिकटवून टाकायचं.