नकाशातले माजघर

आमच्या वाईच्या वाड्यात झोपण्यासाठी म्हणून राखून ठेवलेली एकही खोली नव्हती, आणि तरीही लग्नकार्याच्या दिवसांत तेथे पंचवीस-तीस माणसे कोणाच्या पायात पाय न अडकता झोपत असत, ही गोष्ट साताऱ्यास घेतलेल्या जागेवरील घराचा नकाशा काढावयास बसेपर्यंत माझ्या ध्यानात आली नव्हती. स्वयंपाकघर, देवघर, न्हाणीघर, कोठी ही कामावरून पडलेली नावे सोडली, तर ओसरी, सोपा, पडवी, माजघर ही सारी नावे जागेची होती. तेथे काय करावयाचे हे घरातील माणसे आणि दिवसाचा प्रहर मिळून ठरवीत. त्यातही माजघर म्हणजे नुसते मधले घर. सकाळी तेथे तांदूळ निवडले जात, दुपारी आजी पदर डोक्याखाली घेऊन आडवी होई, तिन्हीसांजेला आम्ही मुले पाढे म्हणत असू आणि रात्री त्याच जमिनीवर वळकट्या उलगडत. घराचे मापही दोन खांबांमधल्या खणांत सांगण्याचा प्रघात होता. चौरस फूट हे शब्द आजोबांच्या तोंडून कधी ऐकल्याचे मला स्मरत नाही.

साताऱ्याची जागा ४० बाय ६० फुटांची. चारही बाजूंनी सोडावयाचे सामासिक अंतर वजा जाता ३० बाय ४४ फुटांचा एक आयत आमच्या वाट्यास उरला, आणि त्या आयतात उर्वरित आयुष्य बसवण्याच्या उत्साहाने मी आलेखाच्या कागदावर पहिला खर्डा तयार केला. हा खर्डा आज कोणी पाहिला, तर त्याचा कर्ता किती आपमतलबी गृहस्थ असावा हे त्यास तत्काळ कळेल. पश्चिमेच्या अंगास, यवतेश्वराचा डोंगर समोर यावा अशा बेताने, १२ बाय १४ ची अभ्यासिका, तिला भली रुंद खिडकी, खिडकीशी मेज. आणि उरलेल्या जागेत कुटुंबातील इतर पाच जणांची सोय.

ज्या तरुण वास्तुविशारद बाईंकडे आम्ही गेलो, त्यांनी तो खर्डा आदराने बाजूस ठेवला आणि खोल्यांविषयी अक्षरही न काढता आमची जबानी घेण्यास आरंभ केला. घरात प्रथम कोण उठते, दुधाची पिशवी कोण आत घेते, ओल्या छत्र्या कोठे निथळतात, वाळवण कोठे पडते, रात्री कोणास किती वेळा उठावे लागते? मी बहुतेक प्रश्नांस निरुत्तर झालो. उत्तरे सौभाग्यवतींनी दिली, आणि माझ्या घराची एवढी तपशीलवार माहिती मला त्या दिवशी प्रथमच मिळाली.

अभ्यासिकेचा निकाल सूर्याने लावला. साताऱ्यास मे महिन्याच्या पूर्वार्धात तो भर माध्यान्ही नेमका डोक्यावर येतो आणि तेथून जुलै सरेपर्यंत दुपारी किंचित उत्तरेकडेच झुकलेला राहतो. त्यामुळे दक्षिणेची भिंत ऐन उन्हाळ्यात निभावून नेते, हिवाळ्यात तिच्यावर हवेहवेसे ऊन येते, आणि दोन फुटांच्या छज्ज्याने तिचा बंदोबस्त होतो. पश्चिमेस हा इलाज चालत नाही, कारण उतरते ऊन छज्ज्याच्या खालून शिरते, भिंत ते सायंकाळपर्यंत पीत राहते आणि दिवे मालवल्यावर सावकाश खोलीत सोडते. शिवाय मृगानंतर पाऊस झोडपतो तोही त्याच दिशेने. म्हणून पश्चिमेस जिना, न्हाणीघर, कपाटे, म्हणजे जेथे कोणी फार वेळ बसत नाही अशा गोष्टींची तटबंदी करावयाची. हे पटल्यावर माझ्या यवतेश्वराने माघार घेतली. दक्षिणेच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो, यात मी समाधान मानणार होतो. पण ती खोली आईस गेली, आणि तिच्याविरुद्ध अपील करण्याची आमच्या घरात वहिवाट नाही.

स्वयंपाकघरासाठी राष्ट्रीय इमारत संहिता किमान ५ चौरस मीटर क्षेत्र सांगते. हा आकडा ठरवणाऱ्या विद्वानांनी पुरणपोळी लाटलेली नसावी, असे सौभाग्यवतींचे मत आहे; मी ते केवळ नोंदवून ठेवतो. ओट्याच्या उंचीवरून सासू-सुनेत आठ दिवस वाटाघाटी चालल्या. एकीस ३२ इंच हवे, दुसरीस ३५. तह साडेतेहतिसांवर झाला.

नंतर मिस्त्रींनी जागेवर खुंट्या ठोकल्या, तीन, चार आणि पाच फुटांच्या खुणा धरून दोरीचा काटकोन साधला आणि चुन्याची फक्की टाकली. उघड्या आकाशाखाली आखलेली खोली इतकी क्षुद्र दिसते की आपण घर बांधतो आहोत की कोंबड्यांचे खुराडे, असा संभ्रम पडावा. मिस्त्री म्हणाले, "भिंती चढल्या की मोठं दिसतंय साहेब, अन् सामान आलं की परत बारीक." नकाशा म्हणजे काय हे न विचारता आजवर मान डोलावणारी आई या फक्कीवर मात्र गंभीरपणे चालू लागली. भिंत म्हणून दाखवलेली रेघ तिने एकदाही ओलांडली नाही. दाराच्या खुणेतूनच ती खोल्यांत शिरे आणि तेथूनच बाहेर पडे. शेवटी मधल्या बोळात उभी राहून तिने विचारले, "आणि आपण सगळी मिळून बसायचो कुठं?"

दिवाणखान्यात, असे मी सांगणार होतो. परंतु दिवाणखाना पाहुण्यांसाठी होता, आणि वर्षातून चार वेळा येणाऱ्या माणसांस घरातील सर्वोत्तम जागा देऊन घरच्यांस चार फुटी बोळातून ये-जा करावयास लावणे, हा माझ्या मते आजच्या नकाशांतील सर्वांत मोठा अविचार आहे. त्याच संध्याकाळी दिवाणखाना आखडता घेतला, बोळ मोडला आणि दोहोंच्या बेरजेतून, पूर्वेच्या भिंतीस खिडकी काढून, ११ बाय १३ ची एक खोली निघाली, जिला खाट नाही, सोफा नाही आणि नेमून दिलेले कामही नाही. चुना पुन्हा पसरला गेला, मिस्त्री थोडे कुरकुरले.

कचेरीत मात्र अडचण आली. प्रत्येक खोलीचे प्रयोजन नकाशावर लिहिलेच पाहिजे, आणि 'माजघर' हे प्रयोजन होऊ शकत नाही, असा तेथील कारकुनांचा निर्वाळा पडला. चार आठवड्यांनी मंजुरी मिळाली. दप्तरी आमचे माजघर 'शयनगृह क्रमांक ४' म्हणून रुजू आहे. माझी अभ्यासिका जिन्याखाली, ६ बाय ८ ची, तिच्यावर 'कोठार' असे लिहिले आहे.