चौथा भिडू

मे महिन्यात सारे कुटुंब चार-आठ दिवस मळ्यातल्या घरी राहायला जाते, ही चाल आमच्या बेळगाव-खानापूर भागात काही घरांतून अजून टिकून आहे. घर म्हणजे काय, तर दोन खोल्या, पुढे पडवी, मागे चूल आणि सभोवती आंबे, फणस, काजू. दुपारी ऊन, संध्याकाळी वळीव. मोबाईलला रेंज मिळते ती विहिरीकडच्या उंचवट्यावर, तीही एका पायावर उभे राहिल्यास. अशा ठिकाणी पत्त्यांना पर्याय नसतो.

पत्त्यांचे एक बरे असते. माणसे किती आहेत हे पाहून डाव ठरतो. दोघेच असतील तर सात-आठ, तिघांना पाच-तीन-दोन, चौघे जमले की मेंढीकोट आणि पोरांचा लोंढा आला की झब्बू. यातला पाच-तीन-दोन हा मला फार शहाणा खेळ वाटतो. पाने ३०, सत्त्या फक्त इस्पिक आणि बदामाच्या, प्रत्येकाला दहा पाने. ज्याचे हात कमी झाले त्याच्याकडून पुढच्या डावात पाने ओढली जातात. तिथे बाप-लेक हे नाते चालत नाही. वर्षभर ज्या बाबांसमोर मोठ्याने बोलायची सोय नसते, त्यांच्या हातातला हुकुमाचा एक्का धाकटा भाऊ बिनदिक्कत ओढून घेतो आणि बाबांना बदल्यात त्याची चव्वल पत्ती मुकाट्याने घ्यावी लागते. घरात समानता यावी म्हणून जी व्याख्याने होतात, त्यांपेक्षा हा एक डाव अधिक काम करतो असे माझे मत आहे.

आणि म्हणूनच या डावाबाहेर कोण राहते हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही.

आई आणि काकू खेळत नाहीत असे नाही. काका पाणी प्यायला उठले की ‘वहिनी, जरा पानं धरा की’ म्हणून आईला बसवतात. ती दोन हात खेळते, बहुधा जिंकते आणि काका आले की पाने त्यांच्या हाती देऊन उठते. क्रिकेटमध्ये बदली खेळाडू असतो, त्यातला हा प्रकार. स्वतःच्या नावावर, पिसण्यापासून शेवटच्या हातापर्यंत, एक संपूर्ण डाव तिच्या वाट्याला येत नाही. नववीत गेल्यापासून मलाही ऐन उतारीच्या वेळी कोथिंबीर निवडायला हाक येऊ लागली. माझ्याहून वर्षानेच लहान असलेल्या भावाला ती येत नाही. त्याला कोथिंबीर ओळखता येत नसावी.

बायकांचे म्हणून जे खेळ आपल्याकडे आहेत ते जरा पाहा. सागरगोटे केव्हाही खाली ठेवता येतात. चार कवड्यांचा आणि २५ घरांचा जो पट कन्नड विभागातल्या आमच्या मैत्रिणी ‘चौकाबारा’ म्हणून खेळतात, तो फरशीवर खडूने आखलेला असतो. दूध उतू जायला लागले तर सोंगट्या जागच्या जागी ठेवून उठावे, तासाने परत येऊन बसावे. डाव मोडत नाही, थांबतो. ज्यांचा वेळ तुकड्यातुकड्यांनी मिळतो त्यांनी असे थांबणारे खेळ जवळ केले, असा माझा तर्क आहे. पत्ते थांबत नाहीत. हातात तेरा पाने धरून कोणी भाकरी थापू शकत नाही. (सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० पाने, दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा आणि प्रधान, राणी नाहीच. आपल्या ५२ पानांत ती आहे, पण राजाच्या खाली.)

यावर काकांचे ठरलेले उत्तर असते, ‘त्यांना कुठलं आवडतंय पत्ते!’ अहो, पण हे कळणार कसे? चौदा माणसांचे तांदूळ, डाळ, तेल, मीठ आणि कुणाला तिखट चालत नाही हे जी डोक्यात ठेवते, तिला कोणती दश्शी गेली आणि कोणती राहिली हे ध्यानात ठेवणे जड जाईल होय? मेंढीकोटात एवढीच तर हुशारी लागते.

‘ये ग आई, बस’ असे नुसते म्हणणे मात्र खरे नव्हे. चुलीवर आमटी असताना असे बोलावणे म्हणजे तिला दोन्हीकडून चुकवणे. ती बसते, पण कान मागच्या दाराकडे असतात, हुकूम वाया जातो आणि मग सगळे हसतात. आधी चूल थांबली पाहिजे. रात्री सकाळचाच भात फोडणीला टाकावा, तोही पडवीतल्या मंडळींनी. भाजलेले शेंगदाणे आणि गूळ यांवर एक संध्याकाळ निघाली तर कोणी वाळत नाही. फणस कापायला तर पुरुष एरवीही पुढे असतातच, हाताला तेल लावून. तेच हात भांड्यांना लागायला हरकत नसावी.

यंदा निघण्यापूर्वीच मी घरात हा विषय काढला आहे. काकू म्हणाली, ‘बघू.’ बाबा काही बोलले नाहीत. भाऊ मात्र म्हणाला, मेंढीकोटाला आई बसणार असेल तर भिडू म्हणून ती त्यालाच हवी. मी त्याला सांगितले, त्या दिवशीची भांडी ज्याच्याकडे, आई त्याची भिडू. तो अजून विचार करतो आहे.