फायबर पंचायतीपर्यंत आली, पुढं घोडं कुठं पेंड खातंय?

बऱ्याच गावांत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नेटचा डबा बसलाय. तरी सातबारा काढायचा किंवा केवायसी करायची तर माणसं रेंज शोधत गच्चीवर चढतात, नाहीतर तालुक्याची एसटी धरतात. असं का?

२०११ मध्ये केंद्र सरकारने सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडायची योजना मंजूर केली. तिचंच पुढे ‘भारतनेट’ झालं. यात तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमधलं ओएलटी नावाचं यंत्र फायबरमधून उजेडाच्या रूपात माहिती सोडतं. वाटेत स्प्लिटर एका फायबरच्या अनेक फांद्या करतो. पंचायतीतला किंवा घरातला डबा, म्हणजे ओएनटी, त्या उजेडाचं पुन्हा इंटरनेट आणि फोन करतो.

अडचणी तीन आहेत. पहिली विजेची. तांब्याच्या तारेच्या जुन्या लँडलाईनला एक्स्चेंजमधूनच वीज मिळायची, म्हणून गावची लाईट गेली तरी फोन लागायचा. फायबरचं तसं नाही. डब्याला बॅटरी नसेल तर लाईट गेली की नेटही गेलं आणि फोनही गेला.

दुसरी अडचण तुटण्याची. सुरुवातीला जोडणी बहुतेक सरळ रेषेत झाली. रस्त्याच्या नाहीतर पाइपलाइनच्या कामात जेसीबीने फायबर तोडली की पुढची गावं बंद. तिसरी अडचण शेवटच्या टप्प्याची. फायबर पंचायतीत आली, घराघरांत कनेक्शन द्यायचं काम मात्र मागे राहिलं.

ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार ५७९ कोटींची सुधारित योजना मंजूर झाली. तिच्यात रिंग पद्धत आहे. एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने नेट चालू राहावं, हा हेतू. दहा वर्षांची देखभालही धरली आहे. पैसा येतो तो टेलिकॉम कंपन्यांच्या उत्पन्नातून कापल्या जाणाऱ्या हिश्श्यातून. म्हणजे शेवटी रिचार्ज मारणाऱ्याच्याच खिशातून.

त्यामुळे विचारायचा हक्क गावाला आहे. आधी डब्यावरचे दिवे बघा. एकही दिवा नसेल तर खोट विजेची किंवा डब्याची. ‘एलओएस’चा दिवा लाल असेल तर फायबरमधून उजेडच येत नाही, बहुधा वाटेत तुटलीय. तक्रार देताना हेच लिहा, म्हणजे टोलवाटोलवी कमी होईल. आणि येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न टाका: डबा चालू आहे का, बॅटरी आहे का, गावात किती घरांना कनेक्शन मिळालं? उत्तरं प्रोसिडिंगला लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर नेट चालत नाही.