विश्लेषण : मध्यम कंपन्यांसाठी ईआरपीची निवड अवघड का?

खरेदी, साठा, उत्पादन, विक्री आणि हिशेब एकत्र जोडणारी संगणक प्रणाली म्हणजे ईआरपी. मध्यम कंपन्यांना ती आता केवळ सोय पाहून घेता येत नाही.

कायदा काय सांगतो?
१ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'ऑडिट ट्रेल' बंधनकारक आहे. नोंदीत केलेला प्रत्येक बदल तारखेसह दिसला पाहिजे आणि ही सोय बंद करता येता कामा नये. ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढालीच्या बहुतांश व्यावसायिकांना अन्य व्यावसायिकांना माल विकताना ई-इनव्हॉइस लागते. १० कोटी किंवा अधिक उलाढाल असल्यास १ एप्रिल २०२५ पासून ते ३० दिवसांत पोर्टलवर नोंदवावे लागते.

खर्च कुठे वाढतो?
तुलना होते ती परवान्याच्या किमतीची. पैसा मात्र जुनी माहिती नीट करून भरणे, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि कंपनीच्या सवयीप्रमाणे करून घेतलेले बदल यांत जातो. असे बदल जितके जास्त, तितके पुढचे प्रत्येक अपडेट महाग.

निवडताना काय पाहावे?
प्रात्यक्षिक विक्रेत्याच्या नमुना माहितीवर नको, स्वतःच्या महिनाभराच्या बिलांवर मागावे. त्यात परत आलेला आणि जॉबवर्कला गेलेला मालही असावा. करार संपल्यावर सगळी माहिती कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत मिळेल, हे लेखी घ्यावे. कंपन्यांना हिशेब आठ वर्षे जपावे लागतात. विक्रेता तेवढी वर्षे टिकेलच असे नाही.