ऊसदराच्या वादाचा धडा : कंपनी, सोसायटी, एकत्र कुटुंब की न्यास?

गेली दोन-तीन वर्षे शिवारफेरीत करप्याइतकाच एक प्रश्न वारंवार येतो : "साहेब, आम्ही पंधरा-वीस जण आहोत. कंपनी काढावी की सोसायटी?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा अनुदान असते. पण अनुदान दोन-तीन वर्षांचे असते आणि नोंदणीचा प्रकार कायमचा. चुकलेले वाण पुढच्या हंगामात बदलता येते, चुकलेली रचना बदलायला मात्र वर्षे जातात.

हा विषय आत्ताच महत्त्वाचा का? केंद्राच्या १० हजार शेतकरी उत्पादक संस्थांच्या योजनेत (२०२०) व्यवस्थापन खर्चासाठी प्रत्येक संस्थेला तीन वर्षांत जास्तीत जास्त १८ लाख रुपये मिळतात. सुरुवातीला नोंदलेल्या कंपन्यांचा हा काळ संपला आहे. १०० कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या उत्पादक कंपन्यांना १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०पीए नुसार पात्र नफ्यावर १०० टक्के वजावट होती. तीही मुदतीची होती, १ एप्रिल २०२५ पूर्वी सुरू होणाऱ्या आकारणी वर्षांपुरती. त्यातच आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्याने कलमांचे क्रमांकही बदलतात.

आपल्याच जिल्ह्याचा धडा

प्रवरानगरला आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून अहिल्यानगरच्या शेतकऱ्याला सभासदत्व म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पण सभासदाला दिलेला पैसा हा मालाचा दर की नफ्याची वाटणी, या एका प्रश्नाने राज्यातील सहकारी कारखान्यांना अनेक वर्षे आयकराच्या नोटिसा आल्या.

कारखाने किमान वैधानिक दरापेक्षा जास्त ऊसदर देत आणि ती सगळी रक्कम कच्च्या मालाचा खर्च म्हणून दाखवत. आयकर खात्याचे म्हणणे असे की, हंगाम संपल्यावर नफा पाहून ठरवलेल्या दरात नफ्याचा वाटा मिसळलेला आहे आणि तो खर्च नव्हे. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सांगितले की, वाढीव दरात नफ्याचा जेवढा घटक असेल तेवढी ती नफ्याची वाटणी आणि उरलेला भाग खर्च. आकारणी वर्ष २०१६-१७ पासून सरकारने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंतची रक्कम खर्च म्हणून मान्य होऊ लागली होती. त्याआधीच्या वर्षांचा प्रश्न २०२३ च्या अर्थसंकल्पाने सोडवला. हा दिलासा सुमारे १० हजार कोटी रुपयांचा असल्याचे तेव्हा सांगण्यात आले.

कारखान्यांमागे संघटना होती, राजकीय ताकद होती. तीनशे सभासदांच्या कांदा कंपनीसाठी अर्थसंकल्पात तरतूद कोण करणार? म्हणून हा धडा आपण आधीच घ्यायचा.

दर आणि बोनस वेगळे ठेवा

उत्पादक कंपनीच्या कायद्यात दोन वेगळ्या संज्ञा आहेत. 'रोखून ठेवलेली किंमत' म्हणजे सभासदाच्या मालाच्या किमतीचाच नंतर द्यायचा भाग. 'पेट्रोनेज बोनस' म्हणजे वर्षअखेरच्या शिलकीतून, ज्याने जेवढा व्यवहार केला त्या प्रमाणात दिलेली रक्कम. सभासदाच्या खिशात दोन्ही सारखेच येतात, पण वहीत त्यांची जागा वेगळी असते.

समजा, कंपनीने १,००० क्विंटल कांदा १,५०० रुपयांनी घेतला आणि १,९०० ने विकला. वाढावा ४ लाख, त्यातून खर्च दीड लाख, उरले अडीच लाख. ते सगळे शिलकीत गेले तर २२ टक्क्यांचा सवलतीचा पर्याय निवडलेल्या कंपनीला अधिभार व उपकरासह २५.१६८ टक्के दराने ६२,९२० रुपये कर बसतो. पण खरेदीआधीच ठराव आणि लेखी करार असेल की विक्रीदर १,८०० च्या वर गेल्यास सभासदाला क्विंटलमागे आणखी १५० रुपये किंमत म्हणून मिळतील, तर दीड लाख मालाच्या किमतीत जातात. करपात्र रक्कम १ लाख आणि कर २५,१६८ रुपये. फरक ३७,७५२ रुपयांचा.

मात्र हा ठराव मार्चमध्ये नफा पाहून मागच्या तारखेने लिहिला, तर तोच ऊसदराचा वाद आपल्या दारात येतो. सूत्र हंगामाआधी ठरले पाहिजे, पावत्यांवर दिसले पाहिजे आणि पैसे बँकेतून गेले पाहिजेत.

सोसायटी कधी बरी?

सभासदांनी पिकवलेल्या शेतमालाची विक्री करणाऱ्या सहकारी संस्थेला कलम ८०पी नुसार वजावट होती आणि तिला ८०पीए सारखी अंतिम तारीख नव्हती. सभासदांचे दूध संघाला पुरवणाऱ्या प्राथमिक संस्थेलाही हा लाभ होता. अट एकच, पण तीच चुकते : विवरणपत्र मुदतीत भरले नाही तर वजावट गेली. बिगरसभासदांचा माल घेत असाल तर त्याचा हिशोब वेगळा ठेवा. सहकार खात्याची देखरेख आणि निवडणुका यांची तयारीही हवी.

कंपनीत व्यवहाराला मोकळीक जास्त, पण शिस्तही कडक. किमान १० उत्पादक आणि ५ संचालक लागतात. वार्षिक हिशोब व विवरण या दोन फॉर्मना उशीर झाला तर प्रत्येकी रोज १०० रुपये, म्हणजे वर्षभरात ७३,००० रुपये. सलग तीन वर्षे भरले नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. "नुसती सही दिली होती" ही सबब चालत नाही.

घरची जमीन घरातच

कंपनीच्या नावावर जमीन घेऊ किंवा करू, असा विचार काही तरुण बोलून दाखवतात. त्याआधी महाराष्ट्र कूळवहिवाट कायद्याचे कलम ६३ वाचा. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन देण्यावर त्यात बंधन आहे. जीएसटीतही शेतकरी म्हणजे व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब. स्वतःच्या जमिनीतील पीक विकण्यासाठी त्यांना नोंदणी लागत नाही. कंपनी किंवा भागीदारी पेढी या व्याख्येत येत नाही.

शेती उत्पन्न करमुक्त आहे, पण दूध, कोंबड्या आणि डाळ मिलचे उत्पन्न शेती उत्पन्न नव्हे. रोपवाटिकेत वाढवलेल्या रोपांचे उत्पन्न मात्र शेतीचेच धरतात. ही खाती पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा.

वाटपाबाबत एवढे लक्षात ठेवा : वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क जन्मतः आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. बहिणीची सही न घेता केलेली वाटणी पुढे कर्जाच्या वेळी हमखास अडते.

न्यासाने व्यापार करू नये

पाणलोट, प्रशिक्षण, माती परीक्षण यांसाठी न्यास किंवा कलम ८ ची कंपनी योग्य. पण तिथे नफा वाटता येत नाही, आणि न्यासाची स्थावर मालमत्ता विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. खते-बियाणे विकून सभासदांना लाभ द्यायचा असेल तर ते काम कंपनीला किंवा सोसायटीला द्या. न्यासाची करसवलत त्यापायी पणाला लावू नका.

नोंदणीआधी पाच प्रश्न

१. उरलेला पैसा कोणाला, दर म्हणून की बोनस म्हणून?
२. माल फक्त सभासदांचा की बाहेरचाही?
३. अनुदान थांबल्यावर लेखापालाचा पगार कशातून?
४. कुणाच्या सातबाऱ्यावर बोजा चढणार, आणि घरच्यांना ते माहीत आहे का?
५. नव्या कायद्यात आपल्याला कोणती वजावट मिळते, हे सनदी लेखापालाने लेखी दिले आहे का?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर तोंडी घेऊ नका. माती परीक्षणाचा अहवाल आपण कागदावर मागतो, हाही तसाच मागायचा.