सातारा-मेढा-महाबळेश्वर रस्ता आणि आमचे बांध

साताऱ्याहून निघून कोंडवे, मेढा, केळघर या गावांवरून महाबळेश्वरास चढणारा रस्ता आमच्या पुष्कळ वाचकांच्या पायाखालचा आहे. लांबी साठ किलोमीटरांच्या आतलीच. मेढ्यापर्यंत तो वेण्णेच्या खोऱ्यातून जातो. केळघर सोडले की घाट लागतो, आणि तो साडेचार हजार फुटांच्या माथ्यावर नेऊन सोडतो. सरकारी भाषेत हा राज्यमार्ग. खोऱ्यातील माणसांस मात्र तो बाजाराचा, दवाखान्याचा आणि मुंबईस पोट भरावयास जाण्याचा रस्ता. त्यावरून वर जाणारे हवा खावयास जातात, खाली येणारे माथाडीचे ओझे उचलावयास निघतात.

हा रस्ता प्रथम बांधविला तो छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी. 1824 साली जनरल लॉडविक डोंगर चढून गेला आणि तेथील थंड हवेची वार्ता साहेबलोकांत पसरली. साताऱ्याचे रेसिडेंट ब्रिग्ज यांनी गळ घातली, आणि महाराजांनी साताऱ्यापासून माथ्यापर्यंत गाडीरस्ता करून दिला. पुढे गव्हर्नर माल्कम आले. 1829 च्या कराराने महाराजांनी वरची जागा दिली व मोबदल्यात वाई भागातील खंडाळा गाव घेतले. वसाहतीस नाव पडले माल्कमपेठ. रस्ता राजाचा, नाव साहेबाचे! ज्यांनी दगड फोडला, मुरूम वाहिला, त्यांची नावे कोण लिहून ठेवतो? पुढे 1839 साली याच महाराजांस गादीवरून काढून काशीस पाठविले, आणि 1848 साली राज्यच खालसा झाले. माथ्यावरचे रस्ते तर तेथील तुरुंगातील चिनी व मलायी कैद्यांकडून करविले. हा तुरुंग 1864 पर्यंत होता. डोंगरावर बटाटे व भाजीपाला पिकविण्यातही या परमुलुखातील अभाग्यांचा हात होता, हे सहज सांगून ठेवतो.

आता पैशाकडे वळू. 1863 पासून मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला. 1869 साली त्याचा कायदा झाला. त्याचे दोन हिस्से रस्त्यांकडे व एक हिस्सा शाळांकडे जावयाचा. आम्ही पडलो शाळामास्तर, तेव्हा त्या एका हिश्शाची आठवण आम्हांस राहणारच. परंतु रस्त्याचे दोन हिस्सेही कुणब्याच्याच गाठीचे होते, हे विसरता कामा नये. रस्ता म्हणजे कोणी केलेला धर्मादाय नव्हे.

आणि खोऱ्याने दिले ते एवढेच नव्हे. कण्हेरला वेण्णेवर धरण झाले, तेव्हा शिवारे पाण्याखाली गेली आणि घरे उठली. ज्याच्याजवळ जमीन उरली आहे, त्याला हातभर बांधाचीही किंमत ठाऊक आहे.

म्हणून रुंदीकरणाविषयी चार शब्द लिहितो. रुंदीकरणाचा मुकादम फीत घेऊन बांधावर येतो आणि म्हणतो, "दादा, गावाचंच काम आहे, हो म्हणा." दादा हो म्हणतो. पुढे सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढेच राहते, सारा चालूच राहतो, आणि जमिनीवर डांबर पडते. हिमाचल प्रदेशात एका अशिक्षित विधवा बाईची जमीन 1967-68 साली अशीच रस्त्यात गेली. कागद नाही, पैसा नाही. सरकार म्हणाले, बाईची तोंडी संमती होती. आणि इतकी वर्षे ताबा आमचा, तेव्हा मालकीही आमचीच. 8 जानेवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही म्हणणी फेटाळून बाईस मोबदला देवविला. न्याय झाला खरा. पण तोवर तिचे वय ऐंशीच्या घरात गेले होते!

आमच्या बंधूभगिनींनी एवढे थांबू नये. तोंडी होकार देऊ नये. मोजणी आपल्यासमोर करवावी, आणि तिच्या नकाशाची नक्कल घ्यावी. रस्त्याची मूळ हद्द किती व नवी किती, हे माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्याने अर्ज करून विचारता येते. अर्ज मराठीत चालतो, आणि गावची शाळा तो लिहून देण्यास कशाला नाही म्हणेल? जमीन खरोखरच जात असेल तर 2013 च्या कायद्याप्रमाणे मोबदला मागावा. त्यात जमिनीची किंमत, वरची झाडे, विहीर, घर यांची किंमत धरून, तेवढीच रक्कम आणखी दिलासा म्हणून मिळते.

दुसरी गोष्ट पाण्याची. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरास एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस झाला. असले पाणी घाटातून सुटते तेव्हा ते रस्त्याच्या चरानेच खाली येते. मोरी लहान असली, वा मातीने बुजली असली, की ते भाताच्या खाचरात शिरते आणि ताल फोडून जाते. मोरी कोठे असावी हे कचेरीतील नकाशापेक्षा त्या शेतात नांगर धरणारा अधिक चांगले सांगेल. ते त्याने काम सुरू होण्यापूर्वीच्या ग्रामसभेत सांगावे, आणि ठरावात लिहून घेतल्याशिवाय उठू नये.