रिकाम्या नळातील रोग

विषमज्वर आणि पटकी यांचे जंतू ग्रॅम-निगेटिव्ह वर्गातील. त्यांचे जादा बाह्यकवच अनेक औषधांना आत शिरू देत नाही. म्हणून औषधाआधी शुद्ध पाणी हवे. परंतु पैठणला जायकवाडीचा जलाशय भरला, तरी छत्रपती संभाजीनगरच्या नळांना वर्षानुवर्षे कित्येक दिवसांच्या अंतरानेच पाणी येत राहिले. जलवाहिनी रिकामी झाली की फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत ओढले जाते. नोव्हेंबर २०१७ मध्ये छावणी भागात दूषित पाण्याने शेकडो लोक आजारी पडले. सुखवस्तू घरे शुद्धीकरण यंत्र विकत घेतात; कामगार वस्त्यांनी मजुरी बुडवून दवाखान्यांच्या रांगा धरायच्या काय? अखंड दाबाचे शुद्ध पाणी ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. त्यासाठी वस्तीवस्तीतून लढा उभारला पाहिजे.